घोडा सोडून बाकी सगळं

माणूस समोर आला की आमच्या चष्मेवाल्यांची नजर आधी त्याच्या नाकावर जायची. त्यात उद्धटपणा नव्हता, धंद्याची सवय होती. फ्रेम कुठे टेकते, कुठून घसरते, कोणत्या कानामागे टोचत असेल, हे सगळं पाहून झालं की मग ते चेहऱ्याकडे वळायचे. तोवर समोरचा काय बोलला ते बहुतेक वेळा ऐकायचं राहून गेलेलं असायचं. त्यात स्वभाव भिडस्त. गिऱ्हाइकानं आरशात पाहून काही विचारलं तरी त्यांच्या तोंडून दोन शब्दांच्या वर काही निघत नसे.

त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या सभागृहात ते खुर्चीवर बसले, समोरच्या सिस्टरांच्या नाकाकडे त्यांनी पाहिलं, आणि त्यांची नजर तिथेच अडकली.

ती फ्रेम त्यांच्या दुकानातली होती.

गडद तपकिरी, कडेनं बारीक सोनेरी रेघ. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. उरलेली शेवटची फ्रेम त्यांनी वरच्या खणात ठेवली होती, विकायची म्हणून नव्हे, अशीच, अधूनमधून काढून बघायला. आजारातून उठून दुकान उघडलं तेव्हा खण रिकामा होता.

'म्हणजे ते सगळं खरं होतं तर,' चष्मेवाले मनात म्हणाले, आणि टेबलावरचं पाणी एका दमात प्यायले.

'ते सगळं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. गेल्या वर्षी साध्या खोकल्याचं निमित्त झालं आणि चष्मेवाले थेट आयसीयूत जाऊन पडले. फुप्फुसं भरली, श्वासासाठी मशीन लागलं, बरेच दिवस शुद्ध अशी नव्हतीच. त्यातून वाचले, घरी आले. गळ्यावर एक व्रण राहिला, आवाज तेवढा कायमचा घोगरा झाला. पण तिथून येताना ते एक दृश्यही बरोबर घेऊन आले. त्यांच्या खाटेशेजारी सलाइनच्या स्टँडला चष्म्याच्या फ्रेमा लटकत होत्या. त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, स्टँडपाशी उभे राहून त्यांचं दुकान विकत होते. सिस्टर एकेक फ्रेम घालून बघत होत्या. 'घ्या हो, घ्या, आता कोण विचारतंय,' असं साडू म्हणत होते. पलीकडे बायको कुठल्याशा कागदावर सही करत होती. आणि बेसिनपाशी एक पांढरा घोडा पाणी पीत होता.

घोड्यामुळे चष्मेवाल्यांनाही शंका होती. पण बाकीचं इतकं लख्ख आठवत होतं की ते भास म्हणून झटकून टाकणं त्यांना जमेना. बरं, विचारायचं कसं? 'अगं, मी मरायला टेकलो असताना तू आणि भाऊजींनी माझं दुकान विकलंत का?' असं बायकोला विचारलं आणि ते खोटं निघालं, तर तोंड कुठे लपवायचं? आणि खरं निघालं, तर? म्हणून ते मूग गिळून बसले. नवा मालक कधी ताबा मागायला येईल या धास्तीनं दुकानाच्या किल्ल्या उशाखाली ठेवू लागले. रोज संध्याकाळी साडूंशी बुद्धिबळाचा डाव व्हायचा, तो बंद झाला. साडू आले की यांना नेमकं डोकं दुखायचं.

त्यातून घरच्यांचं वागणंही संशय वाढवणारंच. त्या दिवसांचा विषय निघाला की बायको लगबगीनं स्वयंपाकघरात जायची. जन्मभर विमा विकलेले साडू एरवी अखंड बोलायचे, तेही अशा वेळी ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. माणसं काही लपवत नसतील तर गप्प कशाला बसतील?

आता ही सभा कसली, तेही सांगतो. आयसीयूत संशोधन बाराही महिने चालू असतं. पण कशावर करायचं, हे आजवर डॉक्टरच ठरवत आले होते. काही हॉस्पिटलांनी मिळून ठरवलं की आता सगळ्यांना विचारू: जे आत पडून होते त्यांना, जे बाहेर बाकावर बसून होते त्यांना, आणि जे खाटेशी उभे होते त्यांनाही. लोकांकडून पत्रानं प्रश्न मागवले. ढिगानं आले. त्यातले निवडून कार्डांवर छापले. आज दिवसभर बसून त्यातले पहिले दहा काढायचे होते. त्या दहांवर पुढची काही वर्षं अभ्यास होणार, बाकीचे कपाटात जाणार.

सभा चालवायला एक बाई बाहेरून बोलावल्या होत्या. त्या आजाऱ्यांतल्या नव्हत्या की डॉक्टरांतल्या नव्हत्या, त्यामुळे कोणाची बाजू घेण्याची भीती नव्हती. त्यांच्या हातात एक घंटी होती, आणि ती वाजवण्याची त्यांना भारी हौस होती. त्यांचा नियम असा की एका घरची माणसं एका टेबलावर बसायची नाहीत. त्यामुळे चष्मेवाले इकडे, आणि त्यांची बायको नि साडू पलीकडच्या टेबलावर. साडूंचा आवाज तिथून इथवर येत होता.

चष्मेवाल्यांच्या टेबलावर आयसीयूचे मोठे डॉक्टर होते. माणूस धिप्पाड, आवाज मऊ. त्यांचा जीव सलाइनवर होता. कोणतं सलाइन, किती वेगानं, या प्रश्नासाठी ते गेली कित्येक वर्षं झुरत होते. ते कार्ड कोणी क्रमात खाली ठेवलं की बोलता बोलता त्यांचं कोपर टेबलावर यायचं, आणि कोपर उचललं जाईपर्यंत कार्ड पुन्हा वर सरकलेलं असायचं.

"डॉक्टर, हे मघाशी खाली होतं ना?" सिस्टर म्हणाल्या.

"होतं का? पंख्यानं सरकलं असेल."

"पंखा बंद आहे."

चष्मेवाल्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. सिस्टर वाचताना मान किंचित डावीकडे कलवत होत्या, म्हणजे डावी काच कोणीतरी चुकीची बसवली होती. आपली फ्रेम चोरीला जाते ते जाते, वर त्यात असली काच! त्यांना कशाचं जास्त दुःख व्हावं तेच कळेना.

इतक्यात सिस्टरांनी पुढचं कार्ड उचललं. "आयसीयूत असताना पाहिलेलं-ऐकलेलं खरं होतं की भास, हे रुग्णाला नंतर कोणी, केव्हा आणि कसं सांगावं?"

चष्मेवाल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा प्रश्न त्यांचाच होता. पाकिटावर नाव न घालता, पलीकडच्या गल्लीतल्या पेटीत जाऊन त्यांनीच तो टाकला होता. आपला प्रश्न इतक्या सुबक अक्षरांत छापला जाईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"चांगला आहे," डॉक्टर म्हणाले, "पण हा वेगळा कशाला? भास झोप न झाल्यानं होतात. झोपेचं कार्ड आहेच. त्यात घालून टाकू. काय हो, तुम्हाला काय वाटतं?"

प्रश्न चष्मेवाल्यांना होता. सगळं टेबल त्यांच्याकडे बघत होतं. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून आवाज आला, "चालेल की."

घंटी वाजली. कार्ड झोपेच्या कार्डाखाली गेलं. चष्मेवाल्यांना स्वतःच्या मुस्कटात द्यावीशी वाटली.

दुपारी सगळी टेबलं जोडून एकच लांबलचक टेबल केलं. नियम असा की खाली पडलेलं कार्ड वर आणायचं असेल तर कोणीतरी ते हातात घेऊन, उभं राहून, ते का हवं ते सांगायचं. कोणी उठलं नाही तर ते गेलं. एक जण उठून मशीनच्या आवाजांबद्दल बोलला. एक बाई उठल्या आणि बाहेरच्या बाकाला पाठ का नाही, यावर इतक्या कळवळून बोलल्या की हा संशोधनाचा विषय नाही हे त्यांना सांगायला कोणीच धजेना.

मग चष्मेवाल्यांची बायको उभी राहिली.

चष्मेवाले बघतच राहिले. ही बाई भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करत नसे. तिनं कार्ड दोन्ही हातांनी धरलं होतं.

"नातेवाइकाची सही घेताना त्याला काय काय सांगावं," तिनं वाचलं, "आणि रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्या सहीबद्दल त्याला कोणी सांगावं." मग खाली न बसता ती म्हणाली, "मला हे हवंय, कारण मी अशी एक सही केली. वर्ष झालं. अजून मला ती सांगता आलेली नाही."

सही! चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. म्हणजे फ्रेम खरी, सही खरी, मग विक्रीही खरीच. भीड, संकोच, टेबल, घंटी, सगळं त्यांच्या मनातून गेलं. ते उठले, त्यांची खुर्ची मागे पडली, आणि वर्षभर गिळलेलं वाक्य घोगऱ्या आवाजात बाहेर आलं.

"कशावर सही केलीस? दुकानाच्या कागदावर ना?"

"दुकान?" बायको म्हणाली. "कुठलं दुकान?"

"माझं! भाऊजींनी विकलं ते! सलाइनच्या स्टँडला फ्रेमा टांगून! मी डोळ्यांनी पाहिलंय! आणि ती एक," त्यांनी बोट सिस्टरांच्या नाकाकडे केलं, "ती एक अजून तिथे आहे!"

सिस्टरांनी नाकाला हात लावला. घंटीवाल्या बाईंनी घंटी उचलली, पण ती वाजवायची की नाही हे त्यांना ठरवता येईना. डॉक्टर उठून अगदी हळुवारपणे म्हणाले, "काका, बसा. हे बघा, आयसीयूत असं होतं. मेंदू चित्रं तयार करतो. स्टँडला चष्मे टांगलेले दिसणं हा अगदी ठरलेला प्रकार आहे..."

"नाही हो, टांगले होते," साडू म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"मीच टांगले होते," साडू म्हणाले. "तुम्हीच नव्हता का म्हणालात डॉक्टर, ओळखीच्या वस्तू आणा, माणूस लवकर भानावर येतो? आता यांच्या ओळखीचं काय आहे जगात? गाण्याचं वेड नाही, देवाचं नाही, माणसांचं तर नाहीच नाही. मी दुकानात गेलो, वरचा खणही रिकामा केला आणि फ्रेमांचा ट्रे भरून घेऊन आलो. यांचा चष्मा तुम्ही काढून ठेवलेला, म्हणून एकेक फ्रेम नाकाजवळ धरून विचारायचो, साडूभाऊ, ही ओळखता का?"

"आणि आणण्याआधी मला विचारलंत का?" सिस्टर म्हणाल्या. "एकेक फ्रेम स्पिरिटनं पुसत बसले मी. स्टँडला टांगल्या तर मला सलाइनच दिसेना!"

"पण घालून बघत होतात की नाही?"

"एखादी घातली असेल."

"सगळ्या घातल्यात!"

सिस्टर जराशा लाजल्या. "ही मी मागितली नव्हती हं," त्या चष्मेवाल्यांना म्हणाल्या. "यांनीच हातात कोंबली. तुमच्या दुकानातर्फे भेट म्हणाले."

"यांनी उठून बसावं म्हणून या माउलीनं काय नाही केलं," साडू म्हणाले. "मला वाटलं, साडूभाऊ शुद्धीवर असते तर त्यांनीही दिली असती."

"दिली नसती," चष्मेवाले म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते घाईघाईनं म्हणाले, "म्हणजे ती सोडून दुसरी कुठलीही दिली असती. आणि काच कोणी बसवली? डावी काच चुकलीय. मान दुखते ना तुमची?"

"दुखते तर!" सिस्टर म्हणाल्या.

"बघा."

घंटीवाल्या बाईंनी घंटी खाली ठेवली. कोणीतरी पडलेली खुर्ची उचलून चष्मेवाल्यांच्या मागे लावली, पण ते बसले नाहीत. आता नाही विचारलं तर पुन्हा जन्मात विचारणं होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"आणि सही?" त्यांनी बायकोकडे पाहून विचारलं. या वेळी आवाज अगदी खाली आला होता.

बायकोनं स्वतःच्या गळ्याला, हनुवटीच्या खाली, बोट लावलं. "इथं भोक पाडायची," ती म्हणाली. "तोंडातली नळी काढून गळ्यातून घालायला हवी म्हणाले. आवाज जाईल कदाचित, म्हणाले. नाही केली तर... ते पुढचं मी ऐकलंच नाही. केली सही. मग तुमचा आवाज असा झाला. आणि घरी आल्यापासून तुम्ही माझ्याशी धड बोलत नाही. मला वाटलं, तुम्हाला कळलंय. त्याचाच राग आहे."

चष्मेवाले गळ्यावरचा व्रण चाचपत उभे राहिले. वर्षभर एकाच घरात, एकाच ताटवाटीत, दोघं एकमेकांना भिऊन राहिले होते. ती एका कागदासाठी आणि ते दुसऱ्यासाठी. आणि कागद एकच होता.

"अगं, आवाजाचं काय एवढं," ते शेवटी म्हणाले. "असाही मी कुठे वापरत होतो?"

टेबलाच्या त्या टोकाला कोणीतरी फस्सकन हसलं. बायकोही हसली, पदरानं डोळे पुसता पुसता.

"पण मग बोलला का नाहीत एकमेकांशी?" घंटीवाल्या बाईंना राहवेना.

"यांनीच सांगितलं होतं," बायकोनं डॉक्टरांकडे हात केला. "घरी सोडताना म्हणाले, तिथल्या गोष्टी काढू नका, त्यांच्या मनाला त्रास होईल. आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप घातलं."

"माझा जीव जात होता बोलल्याशिवाय," साडू म्हणाले, आणि त्यात कोणाला शंका वाटली नाही.

डॉक्टर खुर्चीत चुळबुळले. "तसं आम्ही सगळ्यांनाच सांगतो," ते म्हणाले. "आता खरंच, सांगावं की सांगू नये, कशानं बरं होतं, हे... म्हणजे प्रामाणिकपणे बोलायचं तर यावर फारसा अभ्यास झालेला नाही."

"मग सांगितलंत कशाला?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरांनी झोपेच्या कार्डाखालचं कार्ड ओढून काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.

त्यानंतर सभा जरा हाताबाहेरच गेली. चष्मेवाल्यांना आता धीर आला होता. मनात साठवलेलं एकेक ते बाहेर काढू लागले, आणि टेबलाभोवतीचे सगळे ते खरं की खोटं हे ठरवू लागले.

"छताला कोणीतरी शिडी लावून चढत होतं."

"दिवा बदलत होते," सिस्टर म्हणाल्या. "खरं."

"भाऊजी माझ्या पायाशी बसून रडत होते."

साडूंनी खिडकीबाहेर पाहिलं. "हे भासात घाला," ते म्हणाले.

"खरं आहे," बायको म्हणाली. "नाक शिंकरायला माझा रुमाल घेतला आणि अजून दिला नाही."

"डॉक्टर माझ्या खाटेपाशी उभे राहून केळं खात होते."

"हा मात्र भास," घंटीवाल्या बाई हसून म्हणाल्या.

डॉक्टरांनी समोरची कार्डं उगाच नीट लावली. "सकाळपासून पोटात काही नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही बेशुद्ध आहात."

हशा ओसरल्यावर चष्मेवाल्यांनी भीत भीत विचारलं, "आणि बेसिनपाशी घोडा?"

"घोडा? होता ना!" साडू ताबडतोब म्हणाले. आज ते काहीही द्यायला तयार होते. "मोठा होता चांगला!"

"भाऊजी!" बायको ओरडली. "आत्ता कुठे गाडी रुळावर येतेय!"

"बरं, नव्हता."

"एक्स-रेचं मशीन असेल," डॉक्टर म्हणाले. "पांढरं असतं, चाकांवर आणतात."

"मशीन पाणी पीत नाही," चष्मेवाले म्हणाले. मग त्यांनीच थोडा विचार केला. "घोडा भासात टाका. घोड्याचं माझं काही म्हणणं नाही."

घंटीवाल्या बाईंना सभा पुरी करायची होती. नवरा-बायकोची दोन्ही कार्डं समोर धरून त्या म्हणाल्या, "ही दोन तशी एकच आहेत. एकत्र करू या?"

"मुळीच नाही," बायको म्हणाली. "यांचं वेगळं, माझं वेगळं. फ्रेमा नि सही एकत्र करूनच आम्ही इथवर आलो."

मतदान झालं. चष्मेवाल्यांचं कार्ड बऱ्यापैकी वर लागलं, बायकोचं त्याच्याही वर. तिनं मान वळवून यांच्याकडे एकदा असं पाहिलं की घरी गेल्यावर हे ऐकून घ्यावं लागणार हे त्यांना कळलं. सलाइन दहाच्या बाहेर राहिलं. डॉक्टरांनी हात टेबलाकडे नेला.

"डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या, "कोपर."

डॉक्टरांनी हात खिशात घातला.

सभा संपल्यावर लोक चहासाठी घोळक्यानं उभे राहिले. चष्मेवाले सवयीनं भिंतीच्या कडेला गेले. साडू दोन कप घेऊन आले आणि एक त्यांच्या हातात देऊन बाजूला उभे राहिले. साडूंनी आधी चहावरची साय बाजूला केली, मग कप गोल फिरवला. साडूंच्या मानानं ती फारच मोठी शांतता होती.

"वर्षभर मला चोर समजत होतात तर," शेवटी साडू म्हणाले.

"हो."

"अहो, एवढं सरळ हो? निदान 'तसं नाही हो' तरी म्हणा."

"तसंच होतं," चष्मेवाले म्हणाले. "चुकलं माझं."

साडूंनी चहाचा घोट घेतला. "बरं, ते जाऊ दे. मला एक सांगा. चोर होतो, पण विकत कसा होतो? मला लेन्समधलं काही कळत नाही. जमत होतं का?"

चष्मेवाल्यांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. कपाकडे बघत ते त्या धूसर खोलीत पुन्हा जाऊन आले. "फार छान," ते म्हणाले. "लोक हसत होते. एकमेकांना चष्मे दाखवत होते. माझ्या दुकानात कोणी हसत नाही. माप देतात, घेतात आणि जातात." ते थांबले. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाला आपणहून काही मागितलं. "संध्याकाळचे दुकानात येऊन बसता का? मी काचा बघतो. तुम्ही बोला."

साडूंच्या चेहऱ्यावर काय काय आलं ते चष्मेवाल्यांनी या खेपेला नीट पाहिलं, कारण साडू चष्मा लावत नसत आणि नाकावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"येतो की," साडू म्हणाले. "पण पगार?"

"पगार नाही. आणि कोणाला काही भेट द्यायची नाही."

"सल्लासुद्धा?"

"तो द्या," चष्मेवाले म्हणाले. "तुम्हाला कोण थांबवणार?"